जांभूळ टिकत का नाही? पाटीपासून बाटलीपर्यंत कुठे काय बिघडतं

मृगाच्या आगेमागे शहादा, नंदुरबार, चोपडा, यावलच्या बाजारात सातपुड्यातलं जांभूळ उतरू लागतं. हंगाम जेमतेम महिना-सव्वा महिन्याचा. स्वस्त मिळालं म्हणून तीन-चार किलो घरी येतं. पहिल्या दिवशी मीठ लावून सगळे खातात. उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी पडतो, तोवर पाटीच्या तळाला जांभळं पाणी साचलेलं असतं. मग घाईने सरबत होतं, ते जुलैत फेसाळतं. जॅम होतो, तो धरत नाही. फ्रीजरमध्ये टाकलेल्याचा दगड होतो. दरवर्षी तक्रारी याच, आणि दोष मात्र बाटलीला किंवा फ्रीजला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या बरीच आधी झालेली असते: पाटीत, विळीवर, नाहीतर कढईत.

खान्देशात वाळवणाचा हात घरोघरी आहे. पण बिबडे, कुरडया, पापड हे सगळं एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हावर चालतं, आणि जांभूळ नेमकं ते ऊन सरताना येतं. दुपारी चाळीस अंशांची तलखी, संध्याकाळी वळवाचा पाऊस आणि रात्रभर दमट हवा. उन्हाळ्यातली "टाक धाब्यावर (घराच्या सपाट छतावर), वाळेल" ही सवय इथे नडते.

दुसऱ्याच दिवशी पाणी सुटतं, वास येतो

जांभूळ झाडावरून उतरल्यावर पिकत नाही. आंब्यासारखी त्याची अढी लागत नाही. लालसर आणलेलं लालसरच राहतं, फार तर सुरकुततं. म्हणून "दोन दिवस ठेवू, पिकेल" या आशेवर कच्चं घेऊ नये. उलट पूर्ण पिकलेल्या जांभळाची साल इतकी पातळ असते की फांदी झोडून पाडलेल्या मालात चौथा हिस्सा तरी चिरलेला निघतो. चीर पडली की आतला गोड रस बाहेर येतो आणि सालीवर आधीपासून असलेलं यीस्ट कामाला लागतं. उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला याला बारा तासही लागत नाहीत.

घेताना पाटीच्या वरचं नाही, तळचं जांभूळ बघा. तळाची पानं ओली, चिकट असतील तर ती पाटी कालची आहे. घरी आणल्यावर पिशवी तशीच ओट्यावर ठेवू नका. मोठ्या सुती कापडावर पंख्याखाली एका थरात पसरा आणि निवडायला बसा. घट्ट, सबंध फळं फ्रीजसाठी. मऊ झालेली पण न फुटलेली फळं आजच गर काढण्यासाठी. फुटलेली, पण वास न आलेली तासाभरात वापरायची. आंबूस वासाची सरळ टाकून द्यायची, त्यांतलं एक जरी डब्यात गेलं तरी भोवतालची दहा खराब करतं. अर्धवट लालसर फळं मात्र फेकू नका. किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम वेगळी ठेवा, जॅमला ती लागतात.

ठेवायची फळं धुवायची नाहीत. धुणं खाण्याच्या किंवा गर काढण्याच्या आधी. देठाच्या खळगीत पाणी राहतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. व्हिनेगरच्या पाण्यात (एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी) धुवून ठेवण्याची पद्धत परदेशी बेरींसाठी सांगतात. ती जांभळालाही चालते, पण नंतर अर्ध्या तासात फळं खडखडीत कोरडी व्हायला हवीत. पाऊस सुरू झाल्यावरच्या हवेत ते होत नाही आणि उपाय उलटतो. त्या दिवसांत न धुतलेलंच बरं.

पंख्याखाली अर्धा तास ठेवून फळाच्या आतली ऊब गेली की मगच फ्रीज. गरम जांभूळ झाकणाच्या डब्यात घातलं तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि तोच पाणी होऊन फळांवर पडतो. पसरट स्टीलचा डबा घ्या, तळाला जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं कापड घाला, वर जास्तीत जास्त दोन थर, आणि झाकण किंचित उघडं. जागा भाजीच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी कापड बदला. असं ठेवलेलं रानचं जांभूळ पाच दिवस सहज निघतं, जाड गराचं रायजांभूळ आठवडाभर. वर्तमानपत्र घालू नका. ते ओलं होऊन फळाला चिकटतं आणि शाई सोडतं. बांधलेली प्लास्टिकची पिशवी तर सगळ्यात वाईट.

फ्रीज नसेल तर मातीच्या पसरट कुंड्याला ओलं पोतं गुंडाळून सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवता येतं. हे फक्त कोरड्या हवेत चालतं आणि तेही एका रात्रीपुरतं. पाऊस पडून हवा दमट झाली की पोतं ओलंच राहतं, गार मात्र होत नाही.

आत अळी निघते

पहिल्या पावसानंतरच्या मालात हे हमखास. फळमाशी सालीखाली अंडी घालते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं किंवा तेही दिसत नाही. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात फळं पंधरा मिनिटं ठेवा. बऱ्याच अळ्या बाहेर येतात, तरंगणारी फळं बाजूला काढा आणि उरलेली साध्या पाण्यातून काढा. हे ठेवण्याआधी नाही, वापरण्याआधी करायचं. सरबतासाठी तरी संशयाची फळं बोटाने दाबून, उघडून बघावीत. पावसाआधी उतरलेला माल साठवणीला आणि पावसानंतरचा नुसता खायला, ही वाटणी सगळ्यात सोपी.

गर काळा, निळसर किंवा शेणकट दिसतो

जांभळाचा रंग हा स्थिर रंग नाही. आंबटपणा असेल तर तो लालसर जांभळा राहतो, आंबटपणा गेला की निळा आणि मग मळकट होतो. त्यातच जांभळात तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिनला लोखंड मिळालं की शाई तयार होते, अगदी शब्दशः. जुनी काळी शाई टॅनिन आणि लोखंडाच्या क्षारापासूनच बनत असे.

त्यामुळे पहिला संशय विळीवर. पोलादी पात्याच्या विळीवर चिरलेल्या जांभळाची कड दोन मिनिटांत काळीनिळी पडते. स्टेनलेस स्टीलची सुरी घ्या किंवा सुरी न वापरता हातानेच बी काढा. दुसरा संशय कढईवर. लोखंडी कढई आणि कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं दोन्ही नको. ॲल्युमिनियमचं भांडं शाई करत नाही, पण आंबट गर त्यात शिजवला की रंग फिका-राखाडी होतो आणि चवीला धातू लागतो. जाड बुडाचं स्टेनलेस स्टीलचं पातेलं, नाहीतर न टवका उडालेलं इनॅमल. पुरणयंत्र वापरत असाल तर त्याची जाळी बघा. जुन्या यंत्रांची जाळी कल्हई गेलेल्या पत्र्याची असते आणि घरातलं कुणी तिच्यावर शंका घेत नाही.

तिसरा संशय पाण्यावर, आणि आपल्याकडे हाच जास्त वेळा खरा ठरतो. बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात. ते आंबटपणा खाऊन टाकतात. तपासणं सोपं आहे. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे गर घ्या, एकीत बोअरचं पाणी आणि दुसरीत फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी तेवढंच घाला, दहा मिनिटं थांबा. बोअरच्या वाटीला निळी झाक आली तर त्यात लिंबाचे चार थेंब पिळा. रंग लगेच तांबूस झाला तर दोष पाण्याचा. लिंबू पिळूनही मळकटपणा पुरता जात नसेल तर भांडी तपासा. तसं जड पाणी असेल तर गराला आणि पाकाला फिल्टरचं पाणी वापरा आणि किलोभर गराला एका लिंबाचा रस सुरुवातीलाच घाला, शेवटी नाही.

आंबटपणा मारायला चिमूटभर खायचा सोडा घालणारेही आहेत. सोड्याने आंबटपणा जातो हे खरं, पण त्याबरोबर रंगही जातो आणि टिकण्याची ताकदही. आंबटपणा हाच जांभळाचा रखवालदार आहे.

तोंड आवळतं, घसा धरतो

ताज्या जांभळाचा थोडा तुरटपणा सगळ्यांनाच हवा असतो. सरबत प्यायल्यावर जीभ चामड्यासारखी झाली तर मात्र बी फुटलेली असते. मिक्सरमध्ये बियांसकट फळं फिरवली की बीचा तुकडा गरात उतरतो, आणि बीमधला तुरट-कडू भाग साखरेने झाकत नाही. बी न फोडता गर काढणं एवढंच याचं औषध.

एक किलो धुतलेली फळं शंभर मिली पाण्यासह पातेल्यात घ्या, मंद आचेवर सत्तर अंशांपर्यंत गरम करा. थर्मामीटर नसेल तर बोट टेकवताच काढावं लागेल इतकं गरम, उकळी मात्र येता कामा नये. पाच-सात मिनिटांत साल सैल होते. उतरवून कोमट झाल्यावर हाताने किंवा लाकडी रवीने हलकं घुसळा, गर बीपासून सुटतो. मग पुरणयंत्राच्या मोठ्या भोकाच्या जाळीतून किंवा पुरणाच्या स्टीलच्या चाळणीतून गाळा. रानच्या लहान जांभळाचा किलोला अर्धा किलोच्या आसपास गर निघतो, रायजांभळाचा साडेसहाशे-सातशे ग्रॅमपर्यंत. हिशेब करताना हे लक्षात ठेवा, नाहीतर साखर फळांच्या वजनावर घातली जाते आणि सगळं प्रमाण चुकतं. गर गरम केल्याने रंगही सालीतून जास्त उतरतो. साल वेगळी उकळण्याची गरज नाही.

गर आधीच तुरट झाला असेल तर? मीठ आणि भाजलेलं जिरं तुरटपणा थोडा दबवतं, गूळ साखरेपेक्षा जास्त. सगळ्यात चांगला उतारा दह्याचा. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून जी जांभळं सरबतात नकोशी वाटतात तीच लस्सीत किंवा श्रीखंडात गोड लागतात. तुरट गराची लस्सी करून संपवा, साठवू नका.

फ्रीजरमध्ये दगड होतो, बाहेर काढला की चोथा-पाणी वेगळं

ओली फळं पिशवीत भरून ठेवली की ती एकमेकांना चिकटून गोळा होतो, हे उघड आहे. चोथा-पाणी वेगळं होण्याचं कारण वेगळं. गोठणं जितकं सावकाश, तितके बर्फाचे खडे मोठे, आणि मोठे खडे फळाच्या पेशी फाडतात. म्हणून एका वेळी थोडंच आणि पातळ थरात गोठवायचं. सबंध फळं हवी असतील तर धुवून, पूर्ण कोरडी करून ताटात एका थरात सुटी ठेवा, सहा तासांनी कडक झाली की मग पिशवीत भरा. हवा काढून टाका. अशी फळं खीर, स्मूदी, चटणीला चालतात. वितळल्यावर ताज्यासारखी खायला मिळतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

आपलं मत विचाराल तर सबंध फळं गोठवण्यात जागेची नासाडी आहे, चौथा हिस्सा बीच असते. गर काढा, अर्धा किलो गराला शंभर ग्रॅम साखर आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस मिसळा, झिपच्या पिशवीत अडीचशे ग्रॅमच्या चपट्या वड्या करून आडव्या ठेवा. बोटाच्या जाडीची वडी लवकर गोठते, लवकर वितळते आणि हवी तेवढी तोडता येते.

एकाच दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे अठरा अंशांपर्यंत जात नाही. तिथे गर महिनाभर ठेवावा, त्यापुढे नाही. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये आठ-दहा महिने निघतात. आणि पावसाळ्यात वीज गेली की? वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणं ठेवा. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. तो गर मग सरबताला वापरू नका.

सरबत फेसाळतं, झाकण फुस्स करतं

सर्वाधिक तक्रारी याच, आणि इथे अंदाजाने काम करणं सगळ्यात महाग पडतं. बाटलीत चार गोष्टी एकत्र हव्यात: पुरेशी साखर, पुरेसा आंबटपणा, गरम भरणं आणि निर्जंतुक बाटली. घरगुती सरबतात साखर "चवीनुसार" असते. चवीपुरती साखर यीस्टचं खाद्य असते, ते रोखण्याइतकी ती नसते.

प्रमाण असं ठेवा. एक लिटर गाळलेला रस, एक किलो दोनशे ग्रॅम साखर, तीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि सुमारे सातशे मिली पाणी. साखर, पाणी आणि सायट्रिक ॲसिड एकत्र उकळून पाक मलमलच्या कापडातून गाळा, खोलीच्या तापमानाला आणा, मग रस मिसळा. उकळत्या पाकात रस ओतला की रंग तपकिरीकडे झुकतो आणि शिजलेला वास येतो. हे साधारण तीन किलो सरबत होतं. पिताना एकाला तीन भाग पाणी.

असंच स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं तर तीन-चार आठवडे. वर्षाची बेगमी करायची असेल तर पुढची पायरी लागते. काचेच्या बाटल्या आणि झाकणं पाण्यात वीस मिनिटं उकळून पालथ्या घालून निथळू द्या. सरबत ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत गरम करून बाटल्या गरम असतानाच भरा, वर दोन सेंटिमीटर जागा सोडा, झाकण लावा. मोठ्या पातेल्याच्या तळाला फडकं घालून त्यात बाटल्या उभ्या करा, मानेपर्यंत गरम पाणी घाला आणि ते पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर अर्धा तास ठेवा. खळखळ उकळू देऊ नका. बाहेर काढलेल्या गरम बाटल्या ओल्या ओट्यावर ठेवू नका, काच तडकते.

प्रिझर्व्हेटिव्ह वापरायचं असेल तर कोणतं, इथे मोठा घोळ होतो. किराणा दुकानात लिंबाच्या आणि कैरीच्या सरबतासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिळतं, लोक त्याला केएमएस म्हणतात. तेच जांभळात घातलं की चार-आठ दिवसांत गडद जांभळं सरबत फिकट गुलाबी होतं, कारण त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड हा रंग उडवतो. जांभूळ, करवंद, कोकम अशा रंगीत रसांना सोडियम बेंझोएट. पाच ग्रॅम बेंझोएट शंभर मिली कोमट पाण्यात विरघळवा आणि वरच्या तीन किलो सरबताला त्यातलं पस्तीस मिली घाला. म्हणजे किलोला अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. याहून वाढवायचं नाही, उरलेलं ओतून द्या. भुकटी थेट आंबट सरबतात टाकली तर ती नीट विरघळत नाही, तळाला खडे बसतात. पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी घाला आणि ढवळा. बेंझोएट आंबट रसातच चालतं, म्हणून सायट्रिक ॲसिडला कात्री लावून बेंझोएट वाढवणं म्हणजे कुलूप काढून दाराला दोन कड्या लावणं.

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या वापरू नका. त्या उकळता येत नाहीत, झाकणाच्या आट्यांत जुना चिकटा असतो आणि आत आंबलं तर बाटली फुगून फुटू शकते.

बाटलीत काय दिसतं त्यावरून निदान होतं. तळाला गडद साका आणि वर पारदर्शक थर, उघडताना आवाज नाही, चव तीच, तर गर बसला आहे, बाटली हलवा आणि प्या. झाकण उघडताच फुस्स, बारीक बुडबुडे, दारूचा वास: यीस्ट, टाकून द्या. वर पांढरी-हिरवी बेटं: बुरशी, वरची काढून खालचं वाचवायचा प्रयत्न करू नका. "निदान शिरका (व्हिनेगर) तरी होईल" हा विचारही नको. जांभळाचा शिरका स्वच्छ रस मुद्दाम आंबवून करतात, बिघडलेल्या बाटलीचा नाही. बुडबुडे नाहीत पण रंग विटकरी आणि वास काकवीसारखा झाला, तर जास्त शिजलं आहे किंवा बाटली उजेडात, उष्ण जागी राहिली. पत्र्याच्या घरात पोटमाळ्यावर ऑक्टोबरची उष्णता साठते. बाटल्या कपाटाच्या सर्वात खालच्या फळीवर, अंधारात ठेवा.

जॅम धरत नाही

इंटरनेटवरच्या ब्लॅकबेरी जॅमच्या कृती जांभळाला तशाच लावल्या जातात, तिथे पहिली चूक होते. ब्लॅकबेरीच्या बारीक बिया गरासकट शिजतात आणि ते फळ शिजवायला घेताना साखर फळाच्याच वजनाइतकी धरतात. जांभळात बी काढल्यावर वजन बदलतं आणि पूर्ण पिकलेल्या जांभळात जॅम धरायला लागणारं पेक्टिन कमी पडतं. फळ जितकं जास्त पिकलेलं, तितकं पेक्टिन कमी. बाजूला ठेवलेली ती लालसर फळं इथे कामाला येतात.

एक किलो गर (त्यात शंभर-दीडशे ग्रॅम लालसर फळांचा), साडेसातशे ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस. लिंबांच्या बिया आणि सालीखालचा पांढरा भाग मलमलच्या पुरचुंडीत बांधून गरात सोडा, त्यात पेक्टिन असतं. आधी नुसता गर पुरचुंडीसह दहा मिनिटं शिजवा, मग साखर घाला, विरघळली की आच मोठी करा. रुंद पातेलं आणि मोठी आच. मंद आचेवर दीड तास ढवळत बसलं की पेक्टिनही मोडतं आणि रंगही जातो. एका वेळी दोन किलोहून जास्त गर घेऊ नका.

कधी उतरवायचं हा प्रश्न वजनाने सोडवा. आधी रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. वरच्या प्रमाणात पुरचुंडी पिळून काढल्यावर आतला जॅम एक किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास आला की झालं. थर्मामीटर असेल तर पाणी जिथे उकळतं त्याहून पाच अंश वर. जळगाव-धुळ्याला ते १०४–१०५ अंश येतं. तोरणमाळला, हजार मीटरहून जास्त उंचीवर, पाणीच ९६ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे १०५ची वाट बघत बसलात तर जॅमची चिक्की होईल. काहीच नसेल तर फ्रीजरमध्ये गार केलेल्या ताटलीवर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला, सुरकुती पडली पाहिजे.

आधीच पातळ राहिलेला जॅम सुधारतो. किलोभराला एका लिंबाचा रस आणि किसलेलं शंभर ग्रॅम आंबट सफरचंद घालून आठ-दहा मिनिटं मोठ्या आचेवर पुन्हा शिजवा. फार कडक झाला असेल तर पन्नास मिली उकळतं पाणी घालून सैल करा. साखरेचे खडे बसत असतील तर आंबटपणा कमी पडला आहे. वर बुरशी येत असेल तर जॅम कोमट असताना झाकण लावलं गेलं आणि आतून वाफ जमली. एकतर कडकडीत गरम भरून लगेच घट्ट बंद करा, नाहीतर फडक्याने झाकून पूर्ण गार झाल्यावर. मधली वेळ धोक्याची.

पोळी चिकट राहते

आंबापोळीच्या हाताने जांभूळपोळी करायला जाऊ नये. नुसत्या जांभळाच्या गराला अंग नसतं. दोन भाग जांभळाला एक भाग गावरान आंब्याचा रस आणि किलोभर मिश्रणाला दीडशे ग्रॅम साखर घाला, तूप लावलेल्या ताटात तीन-चार मिलिमीटरचा थर द्या. ढगाळ दिवस असेल तर ओव्हन साठ-सत्तर अंशांवर, दार बोटभर उघडं, आठ तास. उन्हात घातली असेल तर चार वाजताच घरात आणा, रात्रीची दमट हवा दिवसभराचं वाळणं परत घेते.

बीची भुकटी गोळे धरते

गराचा अंश राहिलेली बी वाळत नाही, ती आंबते. धुवून जाड कापडात चोळा, दोन दिवस पंख्याखाली ठेवा, मग वरचं कागदी टरफल काढून आतली बी फोडा आणि पन्नास-साठ अंशांच्या ओव्हनमध्ये, नाहीतर खडखडीत उन्हाचा दिवस साधून वाळवा. तुकडा दाताखाली कट् करून तुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. मिक्सरमध्ये भुकटी गरम होते. ती तशीच बरणीत भरली की वाफ धरते आणि गोळे होतात. ताटात पसरून गार करा, चाळा, मग भरा. तीन-चार महिन्यांपुरतीच करा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर भुकटी डॉक्टरांना सांगूनच, गोळी बंद करून तर नाहीच. आणि "जांभूळ साखरेला चांगलं" म्हणून ग्लासभर सरबत पिणाऱ्यांनी वरचं एक किलो दोनशे ग्रॅमचं प्रमाण पुन्हा वाचावं.

राहिला ओट्यावरचा आणि कपड्यावरचा डाग. त्यावर आधी साबण लावला की तो निळा होऊन बसतो, कारण साबण क्षारयुक्त असतो. आधी लिंबाची फोड किंवा व्हिनेगर चोळा, डाग गुलाबी झाला की पाण्याने काढा, साबण त्यानंतर.